डिस्कच्या फटीतला गंज मला दिसला होता

गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्कच्या जोडीचे ५,८००, पॅडचे २,१५०, मजुरी १,२००. मग ‘बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून बघू’ म्हणून ९००. तरी ब्रेक दाबल्यावरची थरथर जाईना म्हणून लोअर आर्म आणि टाय रॉडचे (चाक धरणारे आणि वळवणारे दांडे) मजुरीसकट ५,१००. एकूण १५,१५० रुपये मी एका महिन्यात साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याच्या घशात घातले. आणि हे लिहिणारा माणूस एमआयडीसीत क्वालिटीला आहे. रोज जाडी मोजायचा मायक्रोमीटर हातात धरून दुसऱ्यांचे जॉब नापास करतो. हसा.

गाडी २०१४ ची. पॅड संपले होते, डिस्कला कडेनं धार आली होती. अशा झिजलेल्या डिस्कवर नवे पॅड टाकायचे नाहीत एवढं मला कळतं, म्हणून मीच म्हटलं, डिस्कपण बदला. संध्याकाळी सातला गेलो तेव्हा पाऊस चालू होता आणि घरून दोन फोन येऊन गेले होते. चाक चढवायच्या आधी त्यानं कौतुकानं डिस्क दाखवली. आरशासारखी चकचकीत. पण दोन पत्र्यांच्या मधल्या हवेच्या फटीत, पाकळ्यांवर, तांबूस पापुद्रे सुटलेला गंज होता. मी पाहिला. बॅटरी मारून पाहिला. आणि मनात काय म्हटलं? ओतीव लोखंड आहे, दुकानात पडून गंज चढला असेल. दहा पावसाळ्यांचा गंज, दुकानात पडून!

जुन्या डिस्क मागितल्या तर म्हणाला, ‘भंगारवाला सकाळीच नेऊन गेला साहेब.’ गाडी मी त्याच्याकडे अकराला दिली होती. हेही तेव्हा सुचलं नाही. आमच्या सोसायटीतल्या चार गाड्या त्याच्याकडे जातात, त्यामुळे संशय घ्यायचं कारणही नव्हतं. तुम्ही तरी घेतला असता का?

रविवारी आई-अण्णांना घेऊन कासला गेलो. येताना यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचायचं आणि पेडल पायाला ठोके द्यायचं. अण्णा मागून म्हणाले, ‘गाडीला थंडी वाजतीय का रं?’

सोमवारी गॅरेजवाला म्हणाला, ‘एबीएस आहे साहेब, थरथरणारच.’ मी मान डोलावली. घरी येऊन बघतो तर माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाहीच! ते सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं २०१९ ला. आणि ज्यांना आहे त्यांनाही ते ठोके चाक घसरायला लागल्यावर लागतात, साध्या ब्रेकला नाही. एवढं होऊन पुन्हा त्याच्याचकडे बॅलन्सिंगला गेलो, याचं मात्र समर्थन नाही. ब्रेक न लावता ऐंशीच्या पुढे गाडी थरथरली तर बॅलन्सिंग बघा. फक्त ब्रेक लावल्यावर थरथरली तर आधी डिस्क किंवा ड्रम. स्टिअरिंग हललं तर बहुतेक पुढचं. मागचा संशय असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर, तीसच्या आत, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूच ओढायचा. तेव्हा ठोके आले तर मागचे ड्रम. फुकटची परीक्षा आहे ही. मी ९०० रुपये देऊन नापास झालो.

शेवटी एका मित्राच्या शेडमध्ये चाक उतरवलं. डिस्कवर आठ ठिकाणी मायक्रोमीटर लावला, कडेपासून सेंटिमीटरभर आत. सगळ्यात कमी १९.६२, सगळ्यात जास्त १९.७१. म्हणजे ९० मायक्रॉनचा फरक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वीसेक मायक्रॉनलाच पेडल बोलायला लागतं. आणि डिस्कवरच ठसा होता, कमीत कमी जाडी २० मिलिमीटर. माझीच जुनी डिस्क लेथवर घासून, मर्यादेच्या खाली नेऊन परत बसवली होती, तीही वाकडी धरून मारलेली. माझीच कशावरून? दोन वर्षांपूर्वी खडा अडकून बाहेरच्या कडेला नखाएवढी खाच पडली होती. ती खाच तिथंच होती. त्याच्यावरून बोट फिरवलं आणि तोंडात शिवी आली. हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावरचा गंजही घासलेला नव्हता. म्हणजे खरोखरची नवी डिस्क टाकली असती तरी ती डुगडुगलीच असती.

गॅरेजवाला म्हणाला, ‘मधे तुम्हीच कुठंतरी बदलून आणल्या असतील.’

पोलीस चौकीत गेलो. डिस्क टेबलावर ठेवली तर साहेबांनी आधी त्याखाली पेपर घालायला लावला. मग, ‘गाडी चालवतच आलात ना? मग ब्रेक लागतायत की.’ मग, ‘हा दिवाणी मामला.’ मग, ‘पक्कं बिल आणा.’ बिल नाही. ‘जीएसटीचं केलं तर उगाच वाढतील साहेब’ या वाक्याला मी भुललो होतो. पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या, डबे आणि जुने पार्ट डिकीत टाकून आणा. दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं, तज्ज्ञाचा दाखला लागेल. तज्ज्ञ कोण? ‘ते तुम्ही बघा.’ तिथला दुसरा टेबलवाला म्हणाला, हे आमच्याकडे येतच नाही. तिसरा जेवायला गेलेला होता, तो पावणेचारला आला आणि त्यानं मला पहिल्याकडे पाठवलं. अर्ध्या रजा दोन गेल्या, त्यांचे पैसे वर धरलेले नाहीत. पन्नास हजारांची गाडी चोरीला गेली असती तर निदान कुणी नोंद तरी केली असती. घाटात ब्रेक सुटून चार माणसं गेली असती तर मात्र सगळे टेबलवाले धावत आले असते, पंचनामा करायला.

आता ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पुरावा म्हणून यूपीआयच्या तीन नोंदी आहेत, त्यातल्या दोन त्याच्या मेहुण्याच्या नावावर. नव्या डिस्क दुसरीकडून टाकल्या. त्या माणसानं हब ब्रशनं घासला, नट आळीपाळीनं समोरासमोरचे आवळले, टॉर्कच्या, म्हणजे ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या, पान्यानं. घाटात पेडल आता गप्प आहे.

जुन्या दोन्ही डिस्क गोणपाटात बांधून गॅलरीत ठेवल्यात. भंगारवाला आला की बायको विचारते, ‘अहो, देऊ का?’