सर्बियन शिकताना आधी काय: विभक्तींचे तक्ते की वाक्याची चौकट?

इंग्रजीतून सर्बियन शिकवणारी पुस्तकं आणि क्लास साधारण दोन पद्धतींचे असतात. एका पद्धतीत धड्यागणिक एक विभक्ती येते: नामांची रूपं, त्यांचा तक्ता, मग तक्ता वापरून वाक्यं. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या दिवसापासून पूर्ण, बोलीतली वाक्यं देतात आणि त्यांतली एकेक जागा बदलायला लावतात. विभक्ती येतात, पण गरज पडेल तशा. बेलग्रेडला राहत असताना मी दोन्हींतून गेलो. आता ज्यांना निवड करायची आहे, त्यांच्यासाठी माझं मत मांडतो. ते मराठी माणसाचं मत आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्याचा हिशोब कदाचित वेगळा निघेल.

लिपीचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. सिरिलिक आणि लॅटिन दोन्ही लिप्या रस्त्यावर दिसतात, दोन्हींत अक्षरं तीसच आणि जसं लिहिलं तसं वाचायचं. आठवड्याभरात तो विषय संपतो. वाक्याचं तसं नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था या भाषेसाठी ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास धरते. एवढा वेळ द्यायचा असेल तर सुरुवात कुठून करायची याला महत्त्व आहे.

तक्त्यांच्या पद्धतीचं श्रेय आधी देतो. सर्बियनमध्ये सात विभक्ती आहेत, पण तक्ता समोर असला की लगेच दिसतं की चतुर्थी आणि सप्तमीची रूपं जवळजवळ सारखीच आहेत, आणि अनेकवचनात तर तृतीया, चतुर्थी, सप्तमी या तिन्हींना एकच रूप आहे. हा दिलासा सुट्या वाक्यांतून मिळायला फार वेळ लागतो. संख्यांचंही तसंच. दोन ते चारला एक रूप, पाच ते वीसला दुसरं: ‘द्वे याबुके’ म्हणजे दोन सफरचंदं, पण पाच म्हटलं की ‘पेत याबुका’. कालेनिच मंडईत भाजी घेताना हे पदोपदी लागतं, आणि ते मला तक्त्यानेच दिलं. ‘शाळेत जातो’ आणि ‘शाळेत आहे’ हा तिसरा मुद्दा. आपण दोन्हीकडे ‘शाळेत’च म्हणतो, सर्बियन मात्र जाताना द्वितीया वापरते, ‘उ श्कोलु’, आणि असताना सप्तमी, ‘उ श्कोलि’. इथे मराठी मदतीला येत नाही, तक्ता येतो.

पण या पद्धतीचा बराचसा वेळ जातो तो विभक्ती म्हणजे काय हे समजावण्यात. इंग्रजी बोलणाऱ्याला ते लागतंच. आपल्याला ते शाळेतच झालेलं असतं. ‘आउतोबुसोम’ म्हणजे बसने, ‘ओलोव्कोम’ म्हणजे पेन्सिलीने: ही तृतीया आपल्या तोंडात आहेच. सजीव-निर्जीव भेदाला इंग्रजी पुस्तकं काही पानं देतात. पुल्लिंगी नामाला द्वितीयेत ‘विदिम ग्राद’, शहर बघतो, इथे बदल नाही. ‘विदिम ब्राता’, भावाला बघतो, इथे रूप बदलतं. ‘शहर बघतो’ आणि ‘भावाला बघतो’ असं रोज म्हणणाऱ्याला हे एका ओळीत कळतं. ‘दोशाओ’ आणि ‘दोश्ला’ म्हणजे आला आणि आली, यातही नवल वाटायचं कारण नाही. आणि ‘मला थंडी वाजते’, ‘मला झोप येते’, ‘मला आवडतं’ ही वाक्यं सर्बियनमध्ये आपल्यासारखीच चतुर्थीने होतात: ‘ह्लादनो मि ये’, ‘स्पावा मि से’, ‘स्विजा मि से’. इंग्रजी विद्यार्थ्याला यासाठी कर्त्याची कल्पनाच बदलावी लागते. म्हणजे तक्त्यांचं पुस्तक ज्या अडचणीवर सर्वाधिक घाम गाळतं, ती आपली अडचण फारशी नाहीच.

आपली अडचण वेगळी आहे, आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला. सर्बियनमध्ये काही आखूड, आघात नसलेले शब्द आहेत: ‘साम’ (मी आहे; भूतकाळातही हाच लागतो), ‘चु’ (भविष्यकाळाचा), ‘मि’ (मला), ‘गा’ (त्याला), ‘से’ (स्वतःला), ‘ये’ (‘साम’चंच तो-ती साठीचं रूप). व्याकरणात त्यांना एन्क्लिटिक म्हणतात, मी आश्रित शब्द म्हणतो. ते वाक्याच्या सुरुवातीला येऊ शकत नाहीत. पहिला शब्द किंवा पहिला शब्दसमूह झाला की लगेच दुसऱ्या जागी त्यांनी बसायचं असतं. भाषाशास्त्रज्ञ याकोब वाकरनागेल यांनी १८९२ मध्ये जुन्या भाषांमधला हा नियम दाखवला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवेल: मा, त्वा, मे, ते, नः, वः ही रूपं वाक्याच्या आरंभी चालत नाहीत. सर्बियनने ती सवय आजच्या बोलण्यात जिवंत ठेवली आहे.

तक्त्यांच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात ‘या से झोवेम’ असतं, म्हणजे ‘माझं नाव’. ‘या साम इझ इंदिये’, मी भारतातला आहे. दोन्ही बरोबर आहेत. पण क्रियापदातच कर्ता कळत असल्याने रोजच्या बोलण्यात ‘या’, म्हणजे ‘मी’, बहुतेक वेळा गळतो. तो गळला की ‘झोवेम से’, ‘इझ इंदिये साम’. म्हणजे ‘से’ आणि ‘साम’ उडी मारून पलीकडे गेले. का गेले, हे माझ्या पुस्तकात फार मागच्या धड्यात होतं, तेही रूपांच्या शेवटी टीप म्हणून. तोवरची सगळी उदाहरणं ‘या’ने सुरू होणारी, त्यामुळे ‘साम’ची जागा कर्त्यानंतर आहे असंच मनात बसतं. इंग्रजीत ती खरंच तिथे असते. मराठीत ‘आहे’ वाक्याच्या शेवटी असतो. सर्बियन या दोन्ही सवयी मानत नाही.

नुसती जागा असती तर एक वेळ चाललं असतं, पण हे शब्द एकत्र आले की त्यांचा आपसांतला क्रमही ठरलेला आहे. दुरुस्तीला दिलेल्या फोनबद्दल दुकानात सांगायचं असतं, ‘काल मी तुम्हाला तो दिला’: ‘युचे साम वाम गा दाओ’. तेच ‘काल तिने तुम्हाला तो दिला’ असेल तर ‘युचे वाम गा ये दाला’. पहिल्यात ‘साम’ सगळ्यांच्या पुढे, दुसऱ्यात ‘ये’ सगळ्यांच्या मागे. क्रियापद तेच, काळ तोच, फक्त ‘मी’च्या जागी ‘ती’ आली. हे कुठल्याही विभक्ती-तक्त्यात दिसत नाही, कारण हा रूपांचा मामला नाही, रांगेचा आहे. विभक्ती तोंडपाठ असूनही दुकानदारासमोर वाक्य अडतं ते इथेच.

वाक्याच्या चौकटीपासून सुरुवात करणाऱ्या पद्धतीने मला ही रांग न सांगता बसवून दिली. ‘विदेओ साम गा’, त्याला पाहिलं. ‘युचे साम गा विदेओ’, काल पाहिलं. ‘निसाम गा विदेओ’, नाही पाहिलं. ‘मिस्लिम दा साम गा विदेओ’, पाहिलं असं वाटतं. पहिली जागा बदलत राहते आणि ‘साम गा’ तिच्या मागोमाग सरकतं. ‘निसाम’ स्वतः आघात घेणारा, म्हणून तो सुरुवातीला बसतो. ‘दा’ आला की नवं उपवाक्य आणि तिथून मोजणी पुन्हा सुरू. हीच वाक्यं मोठ्याने, चालता-बोलता म्हणत राहिलो आणि काही आठवड्यांत कान क्रम ओळखू लागला. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

या पद्धतीत उणेपणाही आहे. षष्ठी अनेकवचन तिच्यातून नीट बसत नाही. शिवाय अशा साहित्यात काही वेळा क्रोएशियन आणि सर्बियन एकत्र शिकवतात. तेव्हा ‘मला जायला हवं’ यासाठी ‘मोराम दा इदेम’ आणि ‘मोराम इचि’ अशी दोन वाक्यं शेजारी येतात. बेलग्रेडमध्ये पहिलं ऐकू येतं, तेच धरावं. ज्यांना मुख्यतः वाचायचं आहे, उदाहरणार्थ संशोधनासाठी, त्यांनी तक्त्यांपासून सुरुवात केली तर मी त्यांना अडवणार नाही. वाचताना रांग आधीच लावलेली मिळते, शेवट तेवढे ओळखता यायला हवेत.

बोलायचं असेल तर मात्र मी चौकटीकडेच वळवेन, आणि तक्ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एका बैठकीत उरकायला सांगेन. आपल्याला ते जड जाणार नाहीत. पुस्तक किंवा क्लास घेण्याआधी पहिले चार-पाच धडे चाळा. ‘या’ने न सुरू होणारी वाक्यं किती आहेत ते पाहा, आणि ‘साम’ व ‘ये’ यांच्या जागांतला फरक पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्या भागात आला आहे का, तेही. नसेल तर दुसरं पुस्तक बघा.