प्लिकर्स : मोबाइल एकच, उत्तरं सगळ्या वर्गाची

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी एफ.वाय.बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवते. वर्गात चटकन चाचणी घ्यायची बहुतेक ॲप्स प्रत्येकाकडे मोबाइल आणि डेटा आहे असं धरूनच चालतात. प्लिकर्स या ॲपला मोबाइल लागतो तो फक्त शिकवणाऱ्याचा. मुलांच्या हातात कागदी कार्ड असतं.

कार्डांची पीडीएफ फुकट मिळते. प्रत्येक कार्डावर क्यूआर कोडसारखी जाड काळी आकृती आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वर येईल असं कार्ड फिरवून धरायचं. प्रत्येकाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही कळत नाही. मी कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते माझ्या स्क्रीनवर नावानिशी येतं.

मला याचं मोल वाटतं ते मागच्या बाकांमुळे. 'समजलं का?' विचारलं की पुढची चार-पाच मुलं 'हो मॅडम' म्हणतात आणि तास पुढे सरकतो. एसटीने येणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुली वर्षभर तोंड उघडत नाहीत. कार्ड मात्र त्या बिनधास्त वर धरतात.

माझा आवडता प्रश्न : चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती? 'शून्य' हा पर्याय भरभरून येतो. अशा वेळी मी बरोबर उत्तर लगेच सांगत नाही. हार्वर्डमध्ये फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991पासून रुजवलेली रीत वापरते : आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. वर्गात कलकलाट होतो, तो होऊ द्यावा. त्यातूनच एकजण म्हणाली, "अगं, त्वरणपण शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता की!" वेग शून्य होतो, पण गुरुत्वाकर्षण चालूच असतं, हे तिच्या वाक्याने बाकाबाकावर पोचलं. दुसऱ्यांदा कॅमेरा फिरवला तेव्हा चित्र पालटलं होतं. ज्यांचं अजूनही चुकत होतं त्यांच्या बाकाशी जाऊन बसले. कोणाचं नाव मोठ्याने घ्यावं लागलं नाही.

पडद्यावर निकाल दाखवताना नावं लपवून फक्त आलेख ठेवावा. या उत्तरांना गुण तर मुळीच देऊ नयेत. गुण आले की मुलं कार्ड फिरवायच्या आधी हुशार मुलाकडे बघायला लागतात.

मर्यादाही सांगते. कार्डांचा मोठा संच 63चा आहे. मुलं त्याहून जास्त असतील तर दोघांत एक कार्ड द्या. वाद घालायला ते बरंच पडतं. प्रश्न फक्त पर्यायी किंवा चूक-बरोबर असेच विचारता येतात. शिक्षकाच्या मोबाइलला नेट हवं. मोफत खात्यावर काही बंधनं आहेत, पण तासाला दोन-तीन प्रश्न विचारणाऱ्याला ती जाचत नाहीत. कार्डं जाड पांढऱ्या कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड चमकला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. आकृतीवर बोटं येऊ देऊ नका आणि हजेरीपटाचा क्रमांक तोच कार्डाचा क्रमांक ठेवा, वाटप पटकन होतं.

मुलाचं कुठे अडलंय हे कार्ड दाखवतं, पण का अडलंय ते दाखवत नाही. त्यासाठी तासाची शेवटची दोन मिनिटं राखून मी बिननावाची चिठ्ठी घेते : 'आज सगळ्यात जास्त गोंधळ कुठे झाला?' पुढच्या तासाची सुरुवात त्यातल्याच एखाद्या चिठ्ठीने करते. साठ मुलांच्या तुकडीला ही जोडी छान लागू पडते. कार्डं छापायचा खर्च विभागातून मिळत नसेल, तर एका तुकडीपुरता स्वतः करावा इतकं हे साधन मोलाचं आहे.