पाया खणण्याआधीचे सात महिने : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गुढीपाडव्याला आम्ही देवरुखजवळच्या नव्या घरात राहायला आलो. आता दिवाळी तोंडावर आहे. म्हणजे एक मे महिना आणि एक अख्खा पावसाळा या घरात काढून झाला. मला लिहायचंय ते पाया खणण्याआधी नकाशावर घालवलेल्या सात महिन्यांबद्दल. आज घरात जे सुखाचं आहे ते बहुतेक त्या महिन्यांत ठरलं, आणि जे खुपतं ते आम्ही नंतर घाईत ठरवलं.

पहिल्या भेटीला आम्ही खोल्यांची यादी घेऊन गेलो होतो. तीन बेडरूम, हॉल, किचन, देवघर. आर्किटेक्टनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं? उठून कुठे जातं?" मग घरातल्या प्रत्येकाचा दिवस लिहून आणायला सांगितला, उन्हाळ्यातला वेगळा, पावसाळ्यातला वेगळा. तेव्हा मला तो वेळ फुकट जातोय असं वाटलं. पण सासूबाई सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. मे महिन्यात आमसुलं वाळत घालायची, पावसाआधी लाकूडफाटा कोरड्यात रचायचा, पावसात पाच माणसांचे कपडे वाळवायचे, कामाला माणसं आली की त्यांना चहाला बसवायचं. आमच्या यादीत यातलं एकही नव्हतं. त्या कागदांमुळे मागची पडवी पाच फुटांची आठ फूट रुंद झाली आणि हॉल तेवढा आखूड झाला. हॉलसाठी यजमान हळहळले होते. जुलैत झड लागली की आमचं निम्मं घर त्या पडवीत असतं.

आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. भिंतींचा जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण पाणी पितो. जुन्या घरी दर वर्षी मृगाआधी पश्चिमेच्या भिंतीला झाप बांधावे लागत. नव्या घरात त्या बाजूला निजायची खोलीच ठेवली नाही. जिना, कोठी आणि न्हाणीघर तिकडे, आणि वर कौलांचं छप्पर तीन फूट पुढे काढलेलं. ऑगस्टमध्ये मी खोली खोली फिरून भिंतींना हात लावून पाहिला. निजायच्या खोल्यांत कुठेही ओल नाही. दुपारचं पश्चिमेचं ऊनही त्या जिन्या-कोठीतच अडतं, हा दुसरा फायदा मे महिन्यात कळला.

उत्तरेच्या खिडकीला छज्जा कशाला, हा प्रश्न मी दोनदा विचारला होता. उत्तरेला ऊन येतं कुठे? त्यांनी सूर्याचा मार्ग काढून दाखवला. आपलं गाव साधारण 17 अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तिकडेच असतो. मावळतोही पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीला वर छज्जा आणि पश्चिम बाजूने एक उभी पडदी. मेमध्ये संध्याकाळी ओट्याशी उभी असताना ऊन तोंडावर येत नाही.

सगळ्यात उपयोगाचा ठरला तो फक्कीचा दिवस. नकाशा पक्का करायच्या आधी त्यांनी जागेवर चुन्याच्या फक्कीने सगळं घर आखलं आणि आम्हाला त्यात फिरायला लावलं. मोकळ्या जागेत आखलेली खोली फार लहान दिसते. आमचा जीव घाबरला, सगळ्या खोल्या वाढवा म्हणालो. त्यांनी खोलीत पलंग, कपाट फक्कीनेच आखले आणि भोवतीने चालायला सांगितलं. जागा पुरत होती. मग सासूबाई काठी घेऊन त्यांच्या खोलीतून न्हाणीघराकडे निघाल्या. वाटेत माजघर आडवं येत होतं. "रात्री दिवा न लावता मी इथून कशी जाणार?" त्या म्हणाल्या. कागदावर चार महिने बघूनही हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांची खोली सरकवून न्हाणीघराला थेट दार दिलं, तेही तीन फुटी, म्हणजे उद्या वॉकर लागला तरी अडणार नाही. हा बदल करायला एक आठवडा आणि थोडी फक्की लागली.

परवानगीचा नकाशा आणि कामाचे नकाशे वेगळे असतात, हेही तेव्हाच समजलं. परवानगीच्या नकाशात हद्दीपासूनचं अंतर, क्षेत्रफळ वगैरे असतं. खिडकीचा तळ किती उंचीवर, न्हाणीचा उतार कुठे, पाइप कुठून, हे कामाच्या नकाशांत. नुसत्या परवानगीच्या नकाशावर काम सुरू केलं की उरलेलं गवंडी आपल्या मनाने ठरवतो.

आता खुपणारं. विजेचा नकाशा उशिरा आला, स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी. मी तो आर्किटेक्टकडे आधीपासून मागायला हवा होता, आणि त्यांनीही तो वेळेत द्यायला हवा होता. पडवीच्या छताला पंख्याची सोय राहून गेली. इन्व्हर्टरची लाइन कुणीच धरली नव्हती, तिच्यासाठी ताज्या गिलाव्यात झिऱ्या माराव्या लागल्या. पावसात वीज जाण्याचं आमच्याकडचं प्रमाण बघता ती पहिल्या दिवशी मांडायची गोष्ट होती. आमच्या दिवसांच्या कागदांतही मी वीज गेल्यावरची रात्र लिहिली नव्हती.

दुसरी चूक पूर्ण आमची. नकाशात बाहेर उघडणाऱ्या लाकडी झडपा होत्या. शेवटी पैसे कमी पडू लागले तेव्हा आम्ही आर्किटेक्टना न विचारता जिन्याच्या दोन खिडक्यांना सरकत्या ॲल्युमिनियमच्या घेतल्या. सरकती खिडकी निम्मीच उघडते, त्यामुळे मेमध्ये वर साठलेली गरम हवा बाहेर जाईना. जूनपासून खालच्या पट्टीत पाणी साचून पायऱ्यांवर उतरू लागलं. चार महिने तिथे रोज फडकं पिळलं.

त्या दोन खिडक्या दिवाळीनंतर बदलायच्या आहेत. सुतार परवा माप घ्यायला आला, तेव्हा मी त्याला तो जुना नकाशाच काढून दिला.