पोलिसांची नियमावली: वर्गणी भरून घ्यायची की गावाला विचारून लिहायची?

अमेरिकेत पोलीस खातं त्या त्या गावाचं असतं. काउंटीच्या आणि राज्याच्या धरून अशा सुमारे 18 हजार यंत्रणा आहेत आणि गावांच्या खात्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी दहा पोलीसही नाहीत. बळ कधी वापरायचं, पाठलाग कधी सोडायचा, बॉडी कॅमेरा केव्हा सुरू करायचा, हे बहुतेक ठिकाणी खातंच ठरवतं. महाराष्ट्रासारखं राज्याचं पोलीस मॅन्युअल डोळ्यांपुढे असलेल्या तिकडून इथे अमेरिकेत आलेल्या आपल्या मंडळींना हे जरा विचित्रच वाटतं. पण ही नियमावली विकत घ्यायची की गावाला विचारून लिहायची, हा विषय तुमच्या सिटी कौन्सिलपुढे आला असेल, तर मत द्यावंच लागेल.

पहिला पर्याय लेक्सिपोल. पोलिसी सोडून वकिलीत आलेल्यांनी 2003 मध्ये कॅलिफोर्नियात काढलेली ही खासगी कंपनी. वर्षाची वर्गणी भरा, तयार नियमावली घ्या. कायदा बदलला की सुधारित मजकूर येतो, पोलिसांना रोजच्या सरावाचे छोटे धडेही मिळतात. आठ माणसांच्या खात्यातल्या चीफला, म्हणजे पोलीसप्रमुखाला, हे वरदानच, कारण निकालपत्रं वाचत बसायला त्याच्याकडे कोण आहे? 2018 मध्ये कायद्याच्या दोन प्राध्यापिकांनी केलेल्या अभ्यासानुसार 35 राज्यांतली 3 हजारांहून जास्त खाती ही सेवा घेत होती.

खोट आहे ती हेतूत. कंपनी विकते ते मुख्यतः दाव्यांपासून संरक्षण. खटला हरू नये म्हणून लिहिलेला नियम कायद्याने बांधलंय तेवढ्यावरच थांबतो. कोणता पर्याय का निवडला, तज्ज्ञांत मतभेद कुठे होते, याचा मागमूस गावाला लागत नाही.

दुसऱ्या बाजूला न्यू जर्सीतलं कॅम्डन. 2019 मध्ये तिथल्या खात्याने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पोलिसिंग प्रोजेक्टला बरोबर घेऊन बळाच्या वापराचं धोरण नव्याने लिहिलं. मसुदा नागरी हक्कवाल्या एसीएलयूने पाहिला, तसा पोलीस संघटनेनेही. त्यात आधी प्रसंग निवळवायचा आणि सहकारी अतिरेक करत असेल तर त्याला अडवायचं, हे स्पष्ट सांगितलं आहे.

मात्र गावाला विचारणं म्हणजे सगळं झालं असं नाही. सभेला येतात तीच चार माणसं. रात्रपाळीवाला येत नाही. आणि विचारून ऐकलं नाही तर? न्यूयॉर्कच्या पोलिसांनी बॉडी कॅमेऱ्याबद्दल लोकांची मतं मागवली, 25 हजारांहून जास्त आली. जबाब देण्याआधी अधिकाऱ्याने चित्रीकरण पाहू नये, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. खात्याने मानलं नाही.

माझं मत विचाराल तर छोट्या गावाने वर्गणी भरावी. मुद्देमाल कसा ठेवायचा, गाडी कशी जप्त करायची, यावर जाहीर सुनावणी कशाला? बळाचा वापर, पाठलाग, कॅमेरे आणि इमिग्रेशनवाल्यांना द्यायची मदत, ही चार प्रकरणं मात्र बाहेर काढून गावापुढे ठेवावीत. मतदानाआधी चीफला एवढंच विचारा: कंपनीच्या मजकुरातली कुठली ओळ तुम्ही स्वतः बदललीत आणि का?