गोळे-काड्यांचा रेणूसंच : कोन बरोबर, इलेक्ट्रॉन बेपत्ता

अणूच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांची मांडणी बंधांची संख्या आणि दिशा कशी ठरवते, हे रेणूंच्या प्रतिकृती जोडताना हाताला कळावे, एवढीच अशा संचाकडून माझी अपेक्षा असते. गोळे म्हणजे अणू आणि काड्या म्हणजे बंध असलेल्या या संचात कार्बनपुरती ती उत्तम पूर्ण होते. कार्बनचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ४ (म्हणजे बाह्यतम कवचात चार इलेक्ट्रॉन) असल्यामुळे त्याच्या काळ्या गोळ्याला चार भोके आहेत आणि ती १०९.५ अंशांच्या कोनात, नियमित चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंकडे रोखलेली आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोके या खेळाच्या चेंडूंपासून केलेल्या प्रतिकृती दाखवल्या, तेव्हा हेच चार बंध एका प्रतलात होते. प्रत्येक मूलद्रव्याला ठरावीक रंग देण्याची प्रथा मात्र साधारण तेव्हापासूनचीच आहे. दुहेरी बंधासाठी दोन लवचीक काड्या वापरल्या की इथीनचा रेणू मध्ये फिरवता येत नाही, ही गोष्टही चांगली साधली आहे.

ऑक्सिजनपाशी मात्र संच अडखळतो. सहा संयुजा (बाह्यतम कवचातील) इलेक्ट्रॉनांपैकी बंधात उतरणाऱ्या दोघांसाठी लाल गोळ्याला दोन भोके आहेत, पण उरलेल्या चार इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी, म्हणजे बंधात न उतरलेल्या, जोड्यांचा मागमूसही नाही. या जोड्या बंधातील जोड्यांना अधिक जोराने दूर लोटतात, म्हणूनच पाण्यातील कोन १०४.५ अंशांपर्यंत आक्रसतो. येथे मात्र तो निर्मात्याने सहज पाडलेला कोन वाटतो. नायट्रोजनची त्रुटी त्याहून गंभीर आहे, कारण निळ्या गोळ्याला तीनच भोके असल्याने अमोनिया आपली एकाकी जोडी देऊन प्रोटॉन स्वीकारतो आणि अमोनियम आयन तयार होतो, ही साधी अभिक्रियाही जोडून दाखवता येत नाही.

सोडिअम आणि क्लोरीन यांचे एकेका भोकाचे गोळे दिले नसते तर बरे झाले असते. सोडिअमचा एकुलता बाह्य इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो आणि घन मिठात प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा आयन बसतात. एका काडीने जोडलेली जोडी या रचनेविषयी चुकीचाच समज करून देते.

काड्या घट्ट बसतात आणि काढताना वाकत नाहीत. सेंद्रिय रसायनशास्त्रासाठी हा संच जरूर घ्यावा. रेणूंचे आकार शिकवायचे असतील, तर चार भोकांचे ऑक्सिजन-नायट्रोजन आणि एकाकी जोड्यांसाठी स्वतंत्र पाकळ्या असलेला संच निवडावा.