बिटसेट की बूलचा व्हेक्टर?

"सी प्लस प्लसमध्ये दोन संचांतले समान घटक काढायचेत. बिटसेट घेऊ की बूलचा व्हेक्टर?" ऑफिसातल्या ज्युनिअरचा प्रश्न. दोन्ही म्हणजे हो-नाही बिटांची रांग: घटक संचात असेल तर त्याचा बिट १, नसेल तर ०. मेमरीतल्या जागेवरून वाद नको, दोन्हींत सहसा घटकामागे एकच बिट जातो.

खरा फरक कामात. बिटसेटमध्ये अँड, ऑर, एक्सॉर, शिफ्ट सगळं तयार; एक & (अँडचं चिन्ह) टाकला की छेद, म्हणजे समान घटक, हातात, तोही बहुतेकदा ६४-६४ बिटांच्या घासांनी. चालू (१ असलेले) बिट मोजायला 'काउंट' आहेच. व्हेक्टरला & येतच नाही; बसा लूप फिरवत.

आकार मात्र बिटसेटचा कंपाइल करतानाच ठरतो. मी एकदा फंक्शनच्या आत १ कोटी बिटांचा घेतला, म्हणजे साडेबारा लाख बाइट. विंडोजवर स्टॅक (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबल्सची मर्यादित मेमरी) फुटून प्रोग्राम आडवा. (स्टॅटिक केल्यावर, म्हणजे स्टॅकबाहेर ठेवल्यावर, चालला.) व्हेक्टर हवा तेवढा वाढतो, पण 'ऑटो' लिहून (प्रकार कंपाइलरवर सोडून) त्यातला बिट उचललात तर प्रत नाही, प्रॉक्सी मिळते, म्हणजे मूळ बिटाशी जोडलेली वस्तू. ती बदलली की मूळ बिटही बदलतो. हे भूत शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.

परवानग्यांचे ३२ फ्लॅग, बुद्धिबळाची ६४ घरं: बिटसेट. आकार चालवताना कळणार आणि नुसत्या खुणा करायच्या, जसं चाळणीने मूळ संख्या काढताना: व्हेक्टर. चालवताना ठरणारा आकार आणि अँड-ऑर दोन्ही हवं असेल तर बूस्ट या सी प्लस प्लस लायब्ररीचा डायनॅमिक बिटसेट.