दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतला स्पर्श: सेन्सरचा हातमोजा घ्यावा की टोकाचा सेन्सर?

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी ठाण्याला घरी आली होती. आता ती नवी मुंबईतल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात सर्जरी विभागात आहे आणि स्किल लॅबची, म्हणजे नव्या सर्जननी सराव करायच्या प्रयोगशाळेची, खरेदी तिच्याकडे आली आहे. "सर, दोन कोटेशनं आलीत. एकात बोटांवर सेन्सर बसवलेला हातमोजा आहे. दुसऱ्यात ग्रास्परच्या (ऊती धरायच्या लांब चिमट्याच्या) टोकाला सेन्सर आणि आपल्या मनगटावर थरथरणारा पट्टा. कुठलं घेऊ?" तिच्याशी जे बोललो तेच इथे लिहितो आहे.

मी रेसिडेंट असताना सुजलेलं पित्ताशय ग्रास्परने धरलं आणि ते फाटलं. पित्त सगळीकडे पसरलं. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं, पण मी किती जोराने दाबतोय हे मात्र हाताला कळलंच नव्हतं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी निव्वळ यंत्रखरेदीचा नाही.

पोट उघडून ऑपरेशन करताना बोटांना ऊती थेट लागते. दुर्बिणीत आपण 5 मिलिमीटरच्या पोर्टमधून, म्हणजे पोटाच्या भिंतीत बसवलेल्या नळीतून, उपकरणाचा लांब दांडा आत घालतो. पोर्टचा रबरी व्हॉल्व्ह त्या दांड्याला घासतो आणि ते घर्षण ऊतीच्या प्रतिकारात मिसळूनच हातापर्यंत येतं. शिवाय पोटाची भिंत हा टेकू होतो. दांडा 33 सेंटिमीटरचा धरा. त्यातला 11 आत आणि 22 बाहेर असेल, तर बाजूला ढकलताना टोकाचा जोर हाताच्या जोराच्या दुप्पट होतो. 22 आत आणि 11 बाहेर असेल तर निम्मा. ऊती तीच, हातही तोच, पण खोली बदलली की हाताला लागणारा भार बदलतो. अनुभवी सर्जन हे नकळत जमवून घेतो. नव्या मुलाला ते कुणी सांगितलेलंही नसतं.

आता दोन्ही वस्तू शेजारी ठेवून पाहू.

हातमोजा मोजतो तो मूठ आणि बोटांचा दाब. त्यातले सेन्सर बहुधा दाबानुसार विद्युतरोध बदलणारे असतात. ते पातळ आणि स्वस्त असतात, सुटा घेतला तर काहीशे रुपयांत मिळतो. पण दाब काढल्यावर त्यांचं माप लगेच शून्यावर येत नाही, आणि घाम व उष्णतेने ते सरकत जातं. टोकाचा सेन्सर ऊतीजवळचा जोर मोजतो, म्हणजे घर्षण आणि टेकूची भानगड मधे येत नाही. माझ्या मते खरा फरक हाच आहे. पित्ताशय फाटण्याआधीच्या क्षणी हातमोजा माझ्या मुठीबद्दल काही सांगेल. पित्ताशयाबद्दल फक्त टोकाचा सेन्सर सांगेल.

ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र पारडं फिरतं. हातमोजा निर्जंतुक मोज्याच्या आत घालता येतो, पुसून पुन्हा वापरता येतो. टोकाचा सेन्सर पोटात जाणार. ऑटोक्लेव्हमधल्या 121 किंवा 134 अंश सेल्सिअसच्या वाफेत बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाही, मग ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने निर्जंतुक करायची सोय आणि जास्तीचा वेळ लागतो. कॉटरी (विजेने ऊती कापायचं आणि रक्तस्राव थांबवायचं उपकरण) सुरू झाली की तिचा उच्च वारंवारतेचा प्रवाह टोकाच्या नाजूक सिग्नलमध्ये गोंधळ घालतो. प्रकाशतंतूचे सेन्सर त्यातून वाचतात, पण ते महाग असतात. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे सर्वच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत, सॉफ्टवेअरसुद्धा. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवाना नसलेली वस्तू रुग्णावर वापरायची नाही, मग ती आत जाणारी असो की मनगटावरची. यात मी कुणालाही सूट देणार नाही.

मनगटी पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण डेमोमध्ये सगळे यालाच भुलतात. त्वचेतले पॅसिनियन कण साधारण 250 हर्ट्झच्या थरथरीला सर्वांत जास्त दाद देतात, म्हणून चांगला पट्टा त्या आसपास थरथरतो. पण सतत थरथर दिली तर त्वचा तिला सरावते आणि काही वेळाने हाताला ती फारशी जाणवत नाही. म्हणून जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच थरथरणारा पट्टा घ्या. जोर वाढेल तशी वाढत जाणारी थरथर ऐकायला छान वाटते, पण टाके घालताना ती मला नुसता त्रास देते.

एक वेगळा मार्गही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन कुचेनबेकर यांच्या गटाने शस्त्रक्रियेच्या रोबोटच्या उपकरणांची कंपनं शरीराबाहेरच्या सेन्सरने टिपून सर्जनच्या हातापर्यंत पोचवली. सेन्सर पोटात गेलाच नाही. पण त्यातून स्पर्श, खरखर, सुईची टकटक कळते. स्थिर ताण कळत नाही, आणि पित्ताशय फाटतं ते स्थिर ताणानेच. जोर जाणवून देणारी उपकरणं असलेल्या दा विंची 5 रोबोटला अमेरिकेत 2024 मध्ये मान्यता मिळाली, पण स्किल लॅबच्या बजेटात तो विचारही नको.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1990 मध्ये डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. त्या पिढीच्या हातात आधीच वर्षानुवर्षांच्या उघड्या ऑपरेशनचा स्पर्श होता. आजची मुलं थेट पडद्यापासून सुरुवात करतात. म्हणूनच मला लॅबची काळजी जास्त वाटते.

आणि लॅबमध्ये बॉक्स ट्रेनर (पोटाऐवजी सरावासाठी वापरायची पेटी) असतो, रुग्ण नसतो. निर्जंतुकीकरण नको, कॉटरी बहुधा नाही, पोटात काही जात नाही. टोकाच्या सेन्सरच्या जवळपास सगळ्या अडचणी तिथे गळून पडतात. म्हणून तिला मी टोकाचा सेन्सर आणि पट्टा घ्यायला सांगितलं. हातमोजा एकाच कामासाठी ठेवण्यासारखा वाटतो: जी मुलं हँडल आवळून धरतात आणि ज्यांचा अंगठा नंतर बधिर होतो, त्यांची मूठ सैल करायला.

पैसे कमी पडले तर आणखी एक सोपा उपाय आहे. ट्रेनरमधल्या ट्रेखाली लोड सेल (वजनकाट्यात असतो तसा जोर मोजणारा सेन्सर) बसवायचा आणि पट्टा त्याला जोडायचा. रबाळे किंवा महापे एमआयडीसीतला कुठलाही चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला हे जोडून देईल. ओढण्या-ढकलण्याचा जोर त्यात पकडला जातो, चिमटीचा दाब नाही. सुरुवातीच्या सहा महिन्यांना तेवढं पुरतं.

डेमोला येताना द्राक्षं घेऊन या, असं तिने दोन्ही विक्रेत्यांना कळवलं आहे. एकच द्राक्ष आधी दांडा कमी खोल घालून धरायचं, मग खोल घालून, आणि खोलीने आकडा बदलतो का ते कळायला दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. मग उपकरण तासभर चालू ठेवून शून्य कुठे सरकलं ते पाहायचं. त्या दिवशी मीही वाशीला जाणार आहे.